असुराचा वर हेच कोडे

वेगवान मारामारीच्या खेळात कोडी असावीत का, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. तलवार, धनुष्य, राक्षस आणि मंतरलेले महाल असलेला व्हिडिओ गेम रंगात आलेला असतो, खेळणाऱ्याची बोटे आणि डोळे एका लयीत आलेले असतात, आणि तेवढ्यात समोर बंद दरवाजा येतो. दगडी चक्रे फिरवा, चित्र जुळवा, मग पुढे जा. पुष्कळ खेळाडूंना याचा राग येतो. त्यांचे म्हणणे सरळ आहे : आम्ही लढायला बसलो होतो, हे मध्येच कशाला? या तक्रारीत तथ्य आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण तिच्या तळाशी असलेली एक समजूत मला मान्य नाही. कृती वेगळी, विचार वेगळा, आणि कृती चालू असताना विचार करावा लागणे म्हणजे अडथळा, अशी ती समजूत आहे. कर्म आणि ज्ञान यांचे नाते काय, हा आपल्याकडचा फार जुना वाद आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ याच वादात एक बाजू घेऊन उभा आहे. ज्ञान झाले की कर्म सोडायचे असते, हे टिळकांनी नाकारले; समजून उमजून, पण लढायचेच, असा गीतेचा अर्थ त्यांनी लावला. खेळाच्या पडद्यावर हाच वाद वेगळ्या वेषात आला आहे, आणि त्या पडद्यावर आता आपले देवही आले आहेत.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या कंपनीचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली आला. राजी ही कसरती करून पोट भरणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसांत बोलत राहतात, तिला शस्त्रे मिळत जातात, भिंतींवर पुराणकथांची चित्रे दिसतात, आणि शेवटी महाबलासुराशी गाठ पडते. भारतीय पुराणांच्या मातीतून इतक्या निगुतीने घडवलेले खेळ फार नाहीत, आणि तो महाराष्ट्रात घडला याचा अभिमान वाटावा. याही खेळात कोडी आहेत. लढाई थांबते, तुकड्यातुकड्यांची चक्रे फिरवून चित्र पूर्ण करायचे, आणि लढाई पुन्हा सुरू होते. त्या चित्रांतून राजीच्या भावाच्या आठवणी उलगडतात, म्हणजे ती अगदीच उपरी नाहीत. तरीही त्या कोड्यांचा असुराशी काही संबंध नाही. चित्र जुळवल्यामुळे राजीला शत्रूबद्दल काही कळत नाही, आणि शत्रूशी लढल्यामुळे चित्र जुळवायला मदत होत नाही. दोन वेगळी कामे एका माळेत ओवली आहेत, एवढेच. हा दोष एका खेळाचा नाही. २००५ साली सुरू झालेल्या ‘गॉड ऑफ वॉर’ या गाजलेल्या मालिकेतही मारामारीनंतर ठोकळे ढकलणे आणि कळ फिरवणे असते. तिच्याच २०२२ सालच्या ‘रॅग्नारॉक’ या भागात खेळाडू कोड्यापुढे जरा रेंगाळला की सोबतची पात्रे उत्तर सुचवू लागतात, आणि त्याबद्दल बऱ्याच खेळाडूंनी नापसंती दाखवली. कोडे घालायचे आणि ते सोडवायला वेळ द्यायची मात्र भीती वाटायची, अशी ही अवस्था आहे.

आता ज्या पुराणांतून हे असुर आले, ती पुराणे काय सांगतात ते पाहू. नवरात्रात जी सप्तशती घरोघर वाचली जाते, तिच्या आठव्या अध्यायात रक्तबीज आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्याच्यासारखाच नवा असुर उभा राहतो. म्हणजे देवीच्या सैन्याने जितका जोर लावावा तितके शत्रू वाढतात. इथे सामर्थ्य कमी पडत नाही, सामर्थ्यच उलटते. मग देवी चामुंडेला सांगते की तोंड पसर आणि रक्त जमिनीवर पडू देऊ नकोस. हे कोडेच आहे, आणि ते लढाई थांबवून बाजूच्या खोलीत नेऊन घातलेले नाही. ते वाराच्या आत आहे. जो नुसता वार करत राहील तो हरेल. वार कुठे सांडतो आहे हे पाहील तो जिंकेल.

हिरण्यकशिपूची गोष्ट तर याहून काटेकोर आहे. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही. आपल्याला मारता येईल अशी सगळी दारे त्याने एकेक करून बंद करून घेतली. नरसिंहाने संध्याकाळी, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन नखांनी जे केले ते त्या प्रत्येक अटीचे उत्तर होते. पुराणांतल्या बहुतेक असुरांचे असेच आहे. तपश्चर्येने मिळवलेला वर हे त्यांचे कुलूप असते आणि त्या वराच्या शब्दांतच किल्ली राहून गेलेली असते. भस्मासुर स्वतःच्या हाताने मरतो. जरासंधाची दोन शकले पुन्हा जुळतात, तेव्हा कृष्ण एक काडी चिरून दोन्ही भाग उलटसुलट फेकतो आणि भीम ते पाहून समजतो, अशी कथा कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. या कथा रचणाऱ्यांना युद्धाचे वर्णन करता येत नव्हते म्हणून त्यांनी कोडी घातली, असे कोणी म्हणणार नाही. अधर्माला नुसत्या बळाने हरवता येत नाही, कारण बळ अधर्माकडेही असते, ही त्यामागची धारणा आहे. म्हणून ज्या खेळात दुर्गेचा त्रिशूळ हाती येतो पण रक्तबीजाचा पेच येत नाही, त्या खेळाने देवीची अर्धीच गोष्ट घेतली, असे मी म्हणेन.

असे खेळ बनवता येत नाहीत असेही नाही. २००५ सालीच जपानमध्ये फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा खेळ झाला. त्यात फक्त सोळा शत्रू आहेत, डोंगराएवढे. किरकोळ राक्षसांच्या झुंडी नाहीत, वेगळी कोडीही नाहीत. प्रत्येक महाकाय प्राणी म्हणजे एक कोडे : याच्या अंगावर चढायचे कुठून, याला वाकवायचे कसे, मर्मस्थान कुठे आहे. उत्तर सापडते ते धावताना, लोंबकळताना, पडताना. तिथे विचार आणि वेग एकमेकांची वाट अडवत नाहीत. कोडी वेगाला मारतात हे म्हणणे या एका उदाहरणाने खोटे पडते. खरे तर कोडे जेव्हा वेगाच्या बाहेर ठेवलेले असते, तेव्हाच ते वेगाला मारते.

तरी थांबण्याचाही एक अधिकार आहे, आणि सगळीच कोडी पळता पळता सोडवायची नसतात. महाभारतातल्या वनपर्वाच्या शेवटी यक्षाची कथा येते. हरणाच्या मागे धावून पांडव दमलेले आहेत, तहानेने व्याकूळ आहेत. नकुल पाण्याला जातो, मग सहदेव, मग अर्जुन, मग भीम. तळ्याकाठी प्रत्येकाला आवाज ऐकू येतो की आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी. प्रत्येक जण तो आवाज बाजूला सारून पाणी पितो आणि पडतो. यातला अर्जुन मला फार महत्त्वाचा वाटतो. तो आवाजाच्या दिशेने शब्दवेधी बाण सोडतो. जगातला सर्वांत चांगला धनुर्धर प्रश्नावर बाण मारतो आणि प्रश्नाला काही होत नाही. युधिष्ठिर थांबतो. त्याची तहान इतरांहून कमी नव्हती, समोर चार भावांची शरीरे पडलेली होती, तरी तो थांबतो. ती प्रश्नोत्तरे आपल्याला पाठ असतात, पण खरे कोडे शेवटी येते. एका भावाला जिवंत करतो, कोणाला करू, असे यक्ष विचारतो. पुढे युद्ध आहे, भीम किंवा अर्जुन मागणे हिशेबाचे होते. युधिष्ठिर नकुलाला मागतो, कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, तसा माद्रीचाही असावा. या प्रश्नाचे उत्तर माहितीत नव्हते, ते त्याच्या स्वभावात होते. तेव्हा यक्ष आपण धर्म असल्याचे सांगतो आणि चौघेही उठतात. महाभारतकारांनी हे कोडे निवांत आश्रमात घातलेले नाही. जिथे थांबणे सर्वांत कठीण, तिथे ते घातले आहे.

असल्या सक्तीच्या थांबण्याचे एक रोजचे रूप सावनेर तालुक्यातल्या खापरखेड्याला पाहायला मिळते. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे १३४० मेगावॉटचे संच आहेत. मिनिटाला ३००० फेरे घेणारे टर्बाइन हे वेगाचेच काम. अशा संचात बॉयलरमधली ज्योत विझली तर यंत्रणा आपोआप इंधन तोडते आणि युनिट ट्रिप होते, म्हणजे बंद पडते. ग्रिडला वीज हवी असते, वरून विचारणा सुरू होते, प्रत्येकाला युनिट लवकर उभे करायचे असते. पण लगेच पुन्हा ज्योत पेटवता येत नाही. फर्नेसमध्ये न जळलेले इंधन साठलेले असू शकते, आणि तसेच पेटवले तर स्फोट होईल. म्हणून साधारण पाच मिनिटे नुसती हवा खेळवून फर्नेस साफ करावी लागते. ही सफाई, म्हणजे पर्ज, पुरी झाल्याशिवाय यंत्रणा पेटवण्याची परवानगीच देत नाही, आणि तेवढ्या वेळात कंट्रोल रूममधली माणसे शोधत असतात की सगळ्यात आधी काय बिघडले. कारण न शोधता पेटवले तर युनिट पुन्हा बसते. इथे थांबणे आणि कारण शोधणे कामाच्या बाहेर नाही. खेळातले थांबवणारे कोडे या कसोटीला उतरले पाहिजे. ते ओलांडून तसेच पुढे गेले तर काही स्फोट होईल का? होणार नसेल, तर ते कोडे नुसता खोळंबा आहे आणि खेळाडूंची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

आता कोड्यांवरचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप तल्लीनतेचा आहे. चांगल्या मारामारीच्या खेळात खेळाडूचे भान हरपते, आणि ते हरपणे हाच आनंद. मिहाली चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने ‘फ्लो’ या १९९० सालच्या पुस्तकात या अवस्थेचे वर्णन केले, आणि खेळ बनवणारे त्याचा हवाला नेहमी देतात. पण चिक्सेंटमिहाय यांनी अभ्यासलेल्या माणसांत बुद्धिबळपटू होते, कडे चढणारे होते, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. ही माणसे विचार बंद करून तल्लीन होत नव्हती. आव्हान आणि कसब यांचा मेळ बसला की तल्लीनता येते, आणि आव्हान डोक्याचेही असू शकते. आपल्याकडे नारदीय कीर्तनाचा अनुभव असलेल्या श्रोत्याला हे वेगळे सांगायला नको. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि आख्यान ऐन भरात असताना कीर्तनकार थांबून प्रश्न उभा करतो, दृष्टांत देतो. त्याने रंग जात नाही, कारण तो प्रश्न आख्यानाच्या पोटातून निघालेला असतो. व्यास आणि गणपती यांच्या कथेतही हेच आहे. माझी लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांची. मग व्यासांनी मध्ये मध्ये कूटश्लोक घातले, परंपरेने त्यांची संख्या ८,८०० सांगितली जाते, आणि गणपती विचारात पडला की व्यास पुढचे रचत. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीत हा प्रसंग मूळ संहितेत धरलेला नाही, तो परिशिष्टात आहे. म्हणजे तो मागाहून आला. मला त्यामुळे तो कमी मोलाचा वाटत नाही. इतक्या वेगवान युद्धकथेत गाठी का आहेत, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर कथेतून दिले, हे त्यातून कळते.

दुसरा आक्षेप थकलेल्या माणसाचा, आणि तो पहिल्याहून जड आहे. आठ तासांची शिफ्ट करून, किंवा सिल्लेवाड्यासारख्या कोळशाच्या खाणीतून वर येऊन, जो माणूस अर्धा तास मोबाइल घेऊन बसतो त्याला परीक्षा नको असते. त्याला विसावा हवा असतो. त्याला कोड्यात अडकवणे हा उद्धटपणा आहे, आणि तो वैतागून यूट्यूबवर उत्तर पाहून पुढे गेला तर त्याला दोष देता येणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच खेळाची लांबी वाढवायला घातलेली कुलुपे काढून टाकावीत असे माझे मत आहे. ज्याचे उत्तर व्हिडिओत पाहून काहीच गमावले जात नाही, ते कोडे घालूच नये. पण विसावा म्हणजे डोके बंद ठेवणे, असे मात्र नाही. दमून आलेली माणसेच चावडीवर पट मांडून बसत आली आहेत. रक्तबीजाचा पेच दमलेल्या माणसालाही गुंतवील, कारण त्यात लढाई सोडून कुठे जायचे नाही.

तिसरा आक्षेप मराठीतच, फार अधिकाराने मांडला गेला आहे, जरी तो खेळांबद्दल नाही. द्यूतसभेत द्रौपदीने विचारले की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला. इरावती कर्वे यांनी १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची चूक मानली. अशा वेळी कायद्याचा काथ्याकूट करण्याऐवजी तिने दयेची, माणुसकीची हाक द्यायला हवी होती, असा त्यांचा रोख आहे. हिंसा चालू असताना कोडे घालणे अप्रस्तुत आहे, या म्हणण्याचे याहून समर्थ रूप मला ठाऊक नाही. तरी मी सहमत नाही. त्या प्रश्नाने भीष्मांना निरुत्तर केले. धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढेच ते म्हणू शकले. त्या प्रश्नाने विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा भाऊ, उभा राहिला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे म्हणाला. दयेची हाक त्या सभेत कोणी ऐकली असती असे वाटत नाही. प्रश्नाने निदान फळी फोडली. उत्तर न सापडताही कोडे काम करते, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. आजच्या कुठल्या मारामारीच्या खेळात असा प्रश्न मध्ये उभा राहतो की ज्यापुढे शत्रूच्या बाजूचा एखादा शस्त्र खाली ठेवील? तशी जागा असायला हवी.

एक गोष्ट मात्र कोड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही कबूल केली पाहिजे. कोडे सोडवणे म्हणजे धर्माने वागणे नव्हे. द्रोणपर्वात पांडवांपुढे पेच होता : हातात शस्त्र असेपर्यंत द्रोण मरणार नाहीत, तर ते शस्त्र खाली ठेवतील कसे? तोड निघाली. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आणि युधिष्ठिराने अर्धे सत्य उच्चारले. कोडे सुटले, द्रोण पडले, आणि युधिष्ठिराचा रथ, जो तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे, जमिनीला टेकला. यक्षाच्या तळ्याकाठी थांबलेला माणूस तोच. तिथे त्याने उत्तर दिले आणि भाऊ मिळाले, इथे उत्तर दिले आणि उंची गेली. खेळातली कोडी या बाबतीत फार उणी पडतात. चक्र फिरवले, दरवाजा उघडला, संपले. सोडवणाऱ्याचे काहीच जात नाही. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये एकेक प्राणी पडताना नायकाचे रूप काळवंडत जाते आणि खेळाडूला वाटू लागते की आपण हे करतो आहोत ते बरोबर आहे का. मारामारीच्या खेळात जिंकण्याची किंमत दाखवणारी अशी जागा मला फार मोलाची वाटते, आणि ती कोड्यामुळेच तयार होते. जो शत्रू समजून घ्यावा लागतो, त्याला मारताना हात जड होतो.

तेव्हा माझा निर्णय असा. वेगवान मारामारीच्या खेळात कोडी असावीत, पण ती शत्रूच्या वरात असावीत, शस्त्राच्या मर्यादेत असावीत, आणि क्वचित एखाद्या तळ्याकाठी असावीत जिथे घाई करणारा खरोखर पडेल. कृष्णाशी बोलायला अर्जुन युद्धाच्या आधी एकदाच थांबला, दर पाव तासाने नाही, हेही ध्यानात ठेवावे. बाकीची दगडी चक्रे, रंगीत काचा आणि ढकलायचे ठोकळे काढून टाकले तर कोणाचे नुकसान नाही. पुण्यात किंवा नागपुरात बसून जी तरुण मंडळी आता नवे खेळ रचत आहेत, त्यांना एवढीच विनंती आहे की दुर्गेचे चित्र काढण्याआधी सप्तशतीचा आठवा अध्याय नीट वाचावा, आणि राक्षसाचे शिंग कसे दिसेल हे ठरवण्याआधी त्याला वर कोणता मिळाला आहे ते ठरवावे.